विसाव्या मिनिटाचा फॉल्ट

दीनानाथ सबनीसांनी टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं फॉल्ट शोधले. कुणाचा फोन मुका झाला, कुणाच्या फोनमध्ये तिसऱ्याच घरातलं भांडण ऐकू येऊ लागलं, की वही काढायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तपासायची, लिहायची. या रीतीने न सापडलेला फॉल्ट आपल्या नोकरीत एकही नाही, असं ते सांगत. त्यावर त्यांची बायको श्यामला म्हणे, "आणि घरातले सगळे माझ्यात सापडले."

आता अडुसष्टाव्या वर्षी, कर्वेनगरच्या दोन खोल्यांत, एका खेळाने त्यांच्या नाकी नऊ आणले होते.

खेळ ट्रक चालवण्याचा. दीनानाथांनी जन्मात स्कूटरपलीकडे काही चालवलं नव्हतं. त्यांची मुलगी नीरजा लग्नानंतर कॅनडात राहायची. मागच्या दिवाळीत आली तेव्हा तिनेच तो घरच्या कॉम्प्युटरवर घालून दिला. तेव्हापासून दर रविवारी सकाळी आठला, तिच्याकडे शनिवारची रात्र असताना, दोघं आपापल्या घरून एकाच रस्त्यावर दोन ट्रक काढत. पुढे तिचा, मागे यांचा. कानाला हेडफोन.

फोनवर नीरजा तीन मिनिटांत "सगळं ठीक, आईला द्या"वर येई. व्हिडिओवर एकमेकांचं तोंड बघून दोघांनाही अवघडायला होई. समोर रस्ता असला की मात्र ती बोलायची. बर्फाबद्दल, ऑफिसबद्दल, मधूनच घराबद्दल. बापाने फक्त "हं" म्हणायचं आणि स्टिअरिंग सरळ ठेवायचं.

तीन रविवारांपूर्वी असाच एक लांबलचक रस्ता चालला होता. मधेच ती म्हणाली, "बाबा, मी श्रीनिवासला सांगितलंय की..."

श्रीनिवास तिचा नवरा. आणि तेवढ्यात स्क्रीन गोठला. आवाजासकट. दहा मिनिटांनी सगळं पुन्हा सुरू झालं तेव्हा दीनानाथांनी घाईघाईने विचारलं, "काय सांगितलंस श्रीनिवासला?"

"काही नाही. जाऊ द्या. तुमचा ट्रक खड्ड्यात गेलाय, तो काढा आधी."

त्या दिवसापासून ते अर्धं वाक्य त्यांच्या कानात अडकून राहिलं. श्यामला म्हणाली, "अहो, फोन करून विचारा की." त्यांनी केला. सगळं ठीक होतं. आईला द्या म्हणाली.

म्हणजे खेळ नीट चालायला हवा. दीनानाथांनी नवी वही काढली. खेळ सुरू केला की चित्र झकास पळे. कोपऱ्यातला आकडा दर सेकंदाला पन्नास चित्रं दाखवी. विसाव्या मिनिटाच्या आसपास तो घसरू लागे. तीस, अठरा, नऊ. मग ट्रक अडखळत, ठेचकाळत चाले आणि शेवटी उभा राही.

सोमवारी त्यांनी खेळातल्या सावल्या बंद केल्या. फरक नाही. मंगळवारी चित्राचा आकार कमी केला. रस्ता पिठल्यासारखा दिसू लागला, फॉल्ट तसाच. मग मागे चालणारे बाकीचे प्रोग्राम बंद केले, अँटीव्हायरसची वेळ बदलली, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा घातला, मेमरीची दुसरी पट्टी आणून बसवली. वहीत दर ओळीपुढे त्यांच्या सुबक अक्षरात एकच शेरा: फरक नाही. तो शेरा लिहिताना पेन कागदात रुतू लागलं.

दोन रविवार वाया गेले. दुसऱ्या वेळी नीरजाच म्हणाली, "बाबा, तुमचं मशीन थकलंय. पुढच्या रविवारी बघू, नाही जमलं तर सोडून देऊ हे."

मग वारज्याहून दुरुस्तीवाले हिंदुराव आले. पाऊण तास त्यांनी खेळ चालवून पाहिला. ट्रक लोण्यासारखा चालला.

"काका, चांगलं पळतंय की! ह्याला काय बी झालं न्हाय."

"तुम्ही गेलात की होईल."

"मग मी हितंच ऱ्हाऊ का?" हिंदुराव हसून चहा पिऊन गेले. संध्याकाळी विसाव्या मिनिटाला ट्रक पुन्हा उभा राहिला. त्या रात्री दीनानाथ जेवले नाहीत.

शनिवारी दुपारी त्यांनी शेवटचं म्हणून खेळ लावला. वीस मिनिटं झाली, तीस झाली, पंचेचाळीस. आकडा पन्नासावरून हलेना. त्यांनी वही उलटसुलट चाळली. काल रात्रीपासून काहीच बदललं नव्हतं.

"तू काही केलंस का गं?"

"मी? तुमच्या कॉम्प्युटरचं कव्हर धुवायला टाकलंय," श्यामला गॅलरीतून म्हणाली. "खात्याकडे अर्ज करायचा होता का?"

दीनानाथ उठून गॅलरीत गेले. दोरीवर जाड पडद्याच्या कापडाचं कव्हर निथळत होतं. पुढे बटणापुरती खिडकी, मागे वायरींपुरतं भोक. ट्रक पहिल्यांदा अडकला त्याच्या आदल्याच आठवड्यात त्यांनीच मापं काढून तिच्याकडून शिवून घेतलं होतं. धूळ हा यंत्राचा पहिला शत्रू, हे एक्स्चेंजमध्ये शिकलेलं. तिथे चपला बाहेर काढून आत जायचं. आणि हिंदुराव येणार म्हणून, पाहुण्यासमोर बरं दिसावं म्हणून, त्यांनी स्वतःच ते काढून घडी घालून ठेवलं होतं. ते गेल्यावर पुन्हा चढवलं होतं.

एक्स्चेंजमध्ये मे महिन्यातही आपण स्वेटर घालून बसायचो, हे त्यांना आता आठवलं. धूळ लक्षात राहिली होती. गारवा विसरला होता. कोंडलेल्या उष्णतेने बिचारं मशीन तीन आठवडे गुदमरत होतं. वहीत सगळं होतं, कव्हर तेवढं नव्हतं.

"माझ्या मिक्सरला कव्हर शिवायचं तुम्हाला कधी सुचलं नाही," श्यामला म्हणाली. "म्हणून चालतोय."

रविवारी आठला दोन्ही ट्रक निघाले. सावल्या परत लावलेल्या, रस्ता काचेसारखा. पावसाचे थेंब, वायपर, सगळं सुरळीत.

"अरे वा, बाबा! आज अडकत नाहीये."

"हं."

ते अर्धं वाक्य तिने पुढे नेलं नाही. दीनानाथ वाट बघत राहिले. एरवी सव्वा तास लागायचा तो रस्ता, थांबणं नाही, खड्ड्यात जाणं नाही, त्यामुळे भराभर सरत होता. चाळिसाव्या मिनिटाला पाटी आली: मुक्काम दोन किलोमीटर.

"झालं की पटकन," नीरजा म्हणाली. "मग ठेवू या ना आज?"

तीन आठवडे ज्यासाठी रक्त आटवलं, तेच आता त्यांच्यावर उलटलं होतं. त्यांनी ब्रेकवर बोट ठेवलं. ट्रक हळूच कडेला घेतला आणि उभा केला.

"अडकलं गं पुन्हा," ते म्हणाले.

"पुन्हा? काय हे!" पुढे तिच्या ट्रकचे मागचे दिवे लाल झाले. तीही थांबली. "आवाज येतोय ना माझा?"

"आवाज येतोय. चित्र तेवढं अडकलंय. थांबावं लागेल जरा."

स्वयंपाकघराच्या दारात श्यामला मिक्सरचं भांडं हातात घेऊन उभी होती. स्क्रीनवर वायपर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, एकही ठेच न लागता फिरत होता. तिने तो पाहिला. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मिक्सर न लावता तिने भांडं ओट्यावर ठेवलं.



"बाबा," नीरजा म्हणाली, "मी श्रीनिवासला सांगितलंय की मी परत येतेय. एकटी."

दीनानाथांनी बटणांवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले.

"हं," ते म्हणाले. "बोल."