आत्याच्या शटरच्या पाच पट्ट्या

आमच्या सगळ्या भावकीत माघार म्हणजे काय हे जिला शेवटपर्यंत कळलं नाही अशी एकच व्यक्ती होऊन गेली, आणि ती म्हणजे माझी आत्या. हे मी अलंकारिक बोलत नाही. तिला खरोखरच मागं जाता येत नसे. निमगाव साव्याच्या शाळेत तीस वर्षं पोरांना शिकवून ती रिटायर झाली, त्याच वर्षी तिचे यजमान गेले. पोरबाळ नव्हतं. आता बाई देवदेव करतील असं गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं, तर बाईंनी फंडातून एक जुनी पांढरी व्हॅन घेतली आणि मंचरला येऊन ड्रायव्हिंगच्या क्लासात नाव घातलं. ही नव्वद सालानंतरची गोष्ट. बाई गाडी शिकतायत हे बघायला तेव्हा लोक दुकानातनं बाहेर येत. क्लच, ब्रेक, गियर सगळं ती आठवड्यात शिकली. आठव्या दिवशी मास्तर म्हणाला, "आज आपण रिव्हर्स शिकू." आत्यानं त्याला विचारलं, "मला पुढं जायचंय. मागं जायचं असतं तर गाडी कशाला घेतली असती?" आणि उरलेली फी देऊन ती उतरून निघून गेली.

त्यामुळं तिनं घराशेजारी गाडीसाठी जे गॅरेज बांधलं, तसं गॅरेज जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत दुसरं नसेल. त्याला दोन्ही बाजूंनी शटर होतं. मागच्या गल्लीतून गाडी आत घालायची आणि पुढच्या अंगणातून बाहेर काढायची. गाव त्याला 'बाईंचा बोगदा' म्हणायचं. मंचरच्या बाजाराला आली की गाडी अशा ठिकाणी लावायची, जिथून थेट पुढं निघता येईल. मग भले तिथून बाजार अर्धा मैल लांब का असेना. वळण चुकलं तर ती पुढच्या गावाला जाऊन, तिथून रस्ता काढून परत यायची. माझ्या साखरपुड्याला येताना तिचं असंच एक वळण चुकलं. ती पोचली तेव्हा मांडव उतरत होता, आणि तिनं उशिराबद्दल रस्त्याला बोल लावला.

गाडीत तिच्या पर्समध्ये लायसनच्या जोडीला कायम खडूचे दोन तुकडे असत. बाजारात ट्रक उभे असले आणि त्यांच्या फळीवर ऱ्हस्वदीर्घाची चूक दिसली, की ड्रायव्हर चहा पिऊन येईपर्यंत ती दुरुस्त झालेली असे. बोलायची ती अगदी पुस्तकातलं, स्वच्छ. पण मनातून हलली की तिची शाळा सुटायची आणि तोंडातून गावची भाषा यायची. आत्या 'नाही' म्हणाली तर तिच्याशी वाद घालायला जागा असे. 'नाय' म्हणाली की विषय संपला.

तर या बोगद्याच्या पुढच्या शटरनं एक दिवस दगा दिला. हा शब्द आत्याचा. घडलं ते असं, की तिनं शटर वर ढकललं आणि ती गाडीत जाऊन बसली. तोवर म्हाताऱ्या स्प्रिंगनं अंग सोडलं आणि शटर हळूच हातभर खाली आलं. वर बघायची आत्याला सवय नव्हती. गाडीच्या टपावरचं कॅरियर शटरच्या खालच्या कडेत अडकलं आणि खालच्या पाच पट्ट्या कागदासारख्या दुमडल्या. तेव्हापासून ते शटर वर करायला तिघं लागायची. रोज सकाळी आत्या अंगणात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारी, आणि शाळेत तिचा मार खाल्लेले मोठमोठे बापये निमूटपणे येऊन हात लावीत.

शेवटी मी जुन्नरहून शटरवाल्या चाचांना घेऊन आलो. जुन्नरच्या पेठेतली निम्मी शटरं त्यांच्या हातची. किरकोळ अंग, पांढरी दाढी, डोळ्याला दोऱ्यानं बांधलेला चष्मा. त्यांनी शटरवरून हात फिरवला, वाकलेल्या पट्ट्या नखानं वाजवून बघितल्या आणि म्हणाले, "बाई, हा जुना माल हाय. ह्या घडणीची पट्टी आता कुणी काढत नाय. नवी पट्टी ह्याच्यात अडकायची न्हाई. सगळं शटर बदला. सहा हजारात नवं कोरं करून देतो."

"किती पट्ट्या वाकल्या?" आत्यानं विचारलं.

"पाच."

"मग पाचच बदला. वर्गात पाच पोरं नापास झाली म्हणून मी सगळा वर्ग घरी बसवत नसते."

"पाच पट्टीचं पाचशे बी होत नाईत, बाई. पर पट्टी तर पायजे ना!"

"ती शोधू," आत्या म्हणाली. मी मध्ये पडून म्हटलं, आत्या, तुला पेन्शन आहे, खर्चायला दुसरं कोण आहे, बदलून टाक. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी दुसरीच्या बाकावर जाऊन बसलो. "प्रश्न पैशाचा नाही. जे चांगलं आहे, ते का फेकायचं?"

पुढचे चार महिने आत्यानं आणि चाचांनी मिळून जो तपास केला तसा पोलिसांनी चोरांचा केला नसेल. वाकलेल्यांपैकी एक नऊ फुटी पट्टी चाचांनी सोडवून दिली. आत्यानं ती व्हॅनच्या कॅरियरला बांधली. ती पुढं-मागं लोंबायची म्हणून दोन्ही टोकांना लाल फडकी बांधली. दर शुक्रवारी नमाज आटोपून चाचा जुन्नरच्या स्टँडवर उभे राहात आणि आत्याची व्हॅन त्यांना घेऊन निघे. जुन्नर, नारायणगाव, मंचर, एक भंगारवाला सोडला नाही. पहिल्या फेरीला चाचा मला कानात म्हणाले होते, "तुमच्या आत्याबाई कमालीच्या हटेल हायत राव." तिसऱ्या फेरीनंतर मीच म्हणालो, "चाचा, आता द्या सोडून." तर ते माझ्यावरच उखडले. "सोडून कसं? कुठंतरी आसंल की!" हट्टाची लागण होते हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

पट्टी सापडली ती मंचरच्या पुढं, पेठ गावाला, हायवेच्या कडेला. एका बंद पडलेल्या गिरणीच्या मागं कुणीतरी जुनं शटर आडवं टाकून शेरडांचा आडोसा केला होता. चाचा गुडघ्यावर बसले, आपली पट्टी त्यातल्या एकीच्या शेजारी धरली, आणि वर न बघता म्हणाले, "बाई, बहीण भेटली." मालक म्हणाला, सगळंच घेऊन जा, अडचणच आहे. आत्या म्हणाली, पाचच. चाचा म्हणाले, एखादी जास्तीची घेऊ, असूद्या. आत्या म्हणाली, पाच.

पट्ट्या बसवायचा दिवस रविवार होता म्हणून मीही मंचरहून स्कूटर घेऊन गेलो होतो. सकाळी दहाच्या सुमाराला चाचांनी काम सुरू केलं. व्हॅन आत बोगद्यातच होती, कारण उन्हात गाडीचा रंग जातो असं आत्याचं मत होतं. चाचांनी एकेक पट्टी बाजूनं सरकवत आत घातली. पाचवी बसली तेव्हा त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि लग्न लावून दिल्यासारखं आमच्याकडं बघितलं. शटर खाली सोडलं. कडेचे खिळे ठोकायचे राहिले होते, पण त्याआधी स्प्रिंग आवळायची म्हणून ते अंगणात लावलेल्या घोडीवर, दुपायी शिडीवर, चढले. वरच्या नळीत लोखंडी गज घालून ती फिरवायची असते. दोन वेढे झाले, तिसऱ्याला ती म्हातारी स्प्रिंग तुटली.

आवाज बंदुकीसारखा झाला. गज गरकन फिरला आणि चाचांच्या उजव्या हाताला कोपराखाली लागला. ते घोडीवरून खाली आले ते आधी पाठीवर, मग कुशीवर. हात चिरला होता, वरवर नाही, आतपर्यंत. रक्त थांबेना. मी अंगातला शर्ट काढून घट्ट बांधला, आत्यानं वरून पदर दाबला, तोही लगेच भिजला. चाचा नुसते त्या हाताकडं दुसऱ्या कुणाचा असल्यासारखे बघत होते.

मी शटर वर करायला धावलो. स्प्रिंग गेलेलं शटर म्हणजे नुसतं लोखंड. ते तसूभरही हललं नाही. तेवढ्यात आत्या घराच्या बाजूनं फिरून मागच्या शटरनं आत शिरली होती. आतून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"आत्या, मागनं काढ!" मी ओरडलो. "मागचं शटर उघडं आहे!"

आतून उत्तर आलं, "मागं जायाला मला येत नाय, आन् शिकायला आत्ता येळ नाय! चाचांना बाजूला घे!"

मी चाचांना काखेत धरून ओढत बाजूला घेतलं. त्यांना तेव्हाच काय होणार ते उमगलं. इतका वेळ गप्प असलेला माणूस जीव एकवटून ओरडला, "नको, बाई! नव्या पट्ट्या हायती! आत्ता बसवल्या!"

व्हॅनचं नाक शटरला लागलं. एकदा ते नुसतंच पोटात गेल्यासारखं वाकलं. गाडी जराशी घसरली, इंजिन किंचाळलं, आणि मग खिळे नसलेल्या त्या पट्ट्या खाचांतून सुटून खणाखणा अंगणात पडल्या, आणि मोकळं झालेलं वरचं शटर बाहेर उचललं जाऊन टपावरून खरडत गेलं. चार महिने ज्यांच्यासाठी दोन तालुके पालथे घातले होते त्या पाचही जणी तिच्या चाकाखालून गेल्या. एक दिवा फुटला होता, काचेला तडा गेला होता. आत्या उतरली नाही, नुसतं दार उघडलं. "बसा."

मी मागं चाचांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. त्यांचे डोळे मिटायला लागले. आत्या आरशातून बघत होती. "चाचा, डोळं मिटायचं नाय! पाढं म्हणा. तेराचा."

"बाई..."

"तेर एके तेर! म्हणा!"

आणि चाचा म्हणायला लागले. निमगाव साव्यापासून मंचरच्या अलीकडच्या उतारापर्यंत त्या फुटक्या गाडीत तेराचा पाढा चालला होता. "तेर सत्ते एक्याण्णव... तेर आठ्ठे..." इथं ते दर वेळी अडकायचे आणि पुढून आत्या ओरडायची, "चारोत्तरशे! पुढं!" मी तिच्या मानेकडं बघत होतो. मान ताठ होती, एकदाही मागं वळली नाही.

मंचरात शिरताना कांद्याच्या गाड्यांनी रस्ता बंद केला होता. समोरून आलेला एक ट्रक, त्याच्या मागं आणखी एक, कुणाला हलायला जागा नाही. आत्यानं हँडब्रेक ओढला, खाली उतरली. पदर रक्तानं भरला होता. पहिल्या ट्रकच्या दारावर तिनं मूठ आपटली. "ए, गाडी मागं घे!"

"बाई, मागं बी गाडी हाय."

"मग त्याला सांग! आन् त्यानं त्याच्या मागच्याला सांगायचं!"

ड्रायव्हरनं खाली वाकून बघितलं आणि त्याचा चेहराच बदलला. "बाई? मी तुमच्या सातवीतला..." "ते नंतर सांग," आत्या म्हणाली. तो रस्त्यावर उडी मारून मागच्या ट्रकांकडं पळाला, ओरडत, शिव्या देत, हात करत. एकामागून एक सात ट्रक मागं हटले, आणि मधून आमची व्हॅन गेली.

डॉक्टर म्हणाले, हात वाचेल, पण आणखी अर्धा तास गेला असता तर काही सांगता आलं नसतं. हात वाचला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र पुन्हा वळली नाहीत. घोडीवर चढून गज फिरवायचं चाचांचं काम त्या दिवशी संपलं.

आत्या दवाखान्याच्या बाकावर चार तास बसली होती. मला वाटलं, ती माझ्याजवळ काहीतरी बोलेल. हट्ट केला नसता तर, जुन्या स्प्रिंगला हात लावलाच नसता तर, असं काही. ती फक्त एकदा म्हणाली, "सहावी पट्टी घ्या म्हनत व्हते ते," आणि पदराच्या रक्त वाळलेल्या टोकाकडं बघत राहिली.

दोन महिन्यांनी तिनं चाचांना पोस्टकार्ड टाकलं. शटर पूर्ण नवीन बसवावे, दर आपण सांगाल तो. आयुष्यात पहिल्यांदा तिनं घासाघीस न करता काही विकत घेतलं. चाचा जावयाला घेऊन आले. स्वतः अंगणात खुर्चीवर बसून ते, हे असं धर, ते तसं ठोक, असं सांगत होते. जुन्या चांगल्या पट्ट्या ठेवू का, असं त्यांनी विचारलं, तर आत्या म्हणाली, "सगळं न्या." काम झाल्यावर ती चहा घेऊन आली. तिच्या घरी तेव्हा निळ्या फुलांच्या कपबश्या होत्या, लग्नातल्या, नाजूक कानाच्या. चाचांनी सवयीनं उजवा हात पुढं केला. कपाचा कान बोटांत बसेना. चहा बशीत हिंदकळला. चाचा हसले आणि कप खाली ठेवून म्हणाले, "गरम हाय, जरा थांबतो."

आत्यानं ते पाहिलं. ती आत गेली.

पुढच्या रविवारी गेलो तर फळीवर कपबश्या नव्हत्या. त्या जागी सहा मोठे, जाड चिनी मातीचे मग होते, चार बोटं सहज आत जातील अशा दांड्यांचे. मंचरच्या बाजारातून आणलेले, दिसायला ओबडधोबड. त्यानंतर त्या घरी कुणीही येवो, सरपंच, मुख्याध्यापक, शेजारीण, सगळ्यांना त्या मगांतूनच चहा मिळायचा. बायका मागं हसायच्या, बाईंना कमी चहा करता येत नाही म्हणायच्या. त्या सहा मगांचं कारण गावात कुणालाच माहीत नव्हतं. चाचांना माहीत होतं की नाही, देव जाणे. महिन्यातून एखाद्या शुक्रवारी ते येत, डावा हात मांडीवर ठेवीत आणि उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी तो मग उचलून सावकाश चहा पीत. आत्या समोर पेपर वाचत असे.

आत्या जाऊन आता काही वर्षं झाली. घर आवरताना मी त्यातला एक मग आणला. बायको म्हणते, केवढा मोठा, संपेपर्यंत चहा गार होतो. होतो खरा. मी बसतो पीत.