झाडामागची खोली

आमच्या ऑफिसात घर आधी कागदावर उभं राहायचं, मग पुठ्ठ्यात, आणि नशीब असेल तर शेवटी विटांत. पहिल्या दोन ठिकाणी ते नीट उभं राहिलं नाही, तर का राहिलं नाही हे शोधून काढणं माझं काम होतं. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी धंतोलीतल्या एका आर्किटेक्टकडे ट्रेसर, म्हणजे नकाशे शाईने गिरवणारी, होते. सर्टिफिकेटवर ‘ड्राफ्ट्समन’ असंच छापलेलं. बाईसाठी वेगळा शब्द छापावा असं कुणाला सुचलं नव्हतं, आणि पगार त्याच शब्दावर मिळत असल्यामुळे मीही वाद घातला नाही.

नकाशातल्या चुका सभ्य असतात, गप्प बसून राहतात. मॉडेलमध्ये त्या बोलायला लागतात. स्वयंपाकघराचं दार उघडलं की ते न्हाणीघराचं दार अडवतं, हे कागदावर भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. पुठ्ठ्याची दारं करून बोटाने ढकलली की येतं. त्यात नागपूरचा उन्हाळा. कूलर लावला तर ओलाव्याने पुठ्ठा फुगायचा आणि भिंती पोट काढायच्या. कूलर बंद केला तर खळ वाळून घराचे कोपरे उकलायचे आणि आमची डोकी तापायची. मी नेहमी कूलर लावावा या पक्षाची होते.

घराचं रंगीत चित्र मात्र साहेब स्वतः काढायचे. त्यांचा हात फार सुरेख होता आणि ते त्यांना माहीत होतं. पण चित्रात एखादा कोपरा जमला नाही, खिडकी तिरकी दिसायला लागली, की साहेब तिथे एक झाड लावायचे. बहुधा गुलमोहर. गिऱ्हाईक फुलांवर खूश व्हायचं आणि मागची भानगड झाकून जायची. पुढे घर बांधून झाल्यावर ‘झाड कुठे आहे’ असं कुणी विचारायला आल्याचं मला आठवत नाही.

अशा ऑफिसात माझ्याच बाबांच्या घराचा नकाशा आला. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. आम्ही इतवारीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो आणि बाबांनी गावाच्या दक्षिणेला एका नव्या लेआउटमध्ये छोटासा प्लॉट घेतला होता. साहेबांनी माझ्या शब्दाखातर नकाशा करून द्यायचं कबूल केलं. खाली तीन खोल्या, आतून जिना, वर गच्ची आणि गच्चीवर पूर्वेकडे खिडकी असलेली एक खोली. ती खोली माझी, असं बाबांनी पहिल्या दिवसापासून जाहीर केलं होतं.

बाबा मूळचे उमरेडच्या कोष्ट्यांच्या घरातले. लहानपणी त्यांच्या घरात हातमागाने पुढची सगळी खोली खाल्लेली असायची आणि पोरं उरलेल्या जागेत, मागाच्या आडोशाला झोपायची. “आमच्या घरी जागा मागाले होती, माणसाले नोयती,” असं ते हसत सांगायचे, पण ते हसणं काही खरं नव्हतं. आपल्या पोरीला दार लावून बसता येईल अशी एक खोली असावी, हे त्यांनी मनावर घेतलं होतं. मला तर त्या खोलीने वेडच लावलं होतं. मी खिडकीची जागा इतक्यांदा सरकवली की साहेब म्हणाले, भिंत तरी शिल्लक ठेव.

नकाशा निम्म्यावर असताना माझं लग्न ठरलं. मुलगा भिलाईला नोकरीला होता. लग्न नव्या घरातूनच करायचं ठरलं, म्हणून सगळ्यांनाच घाई झाली.

मॉडेल मीच केलं. जिना तपासायची आमची एक पद्धत होती. पोस्टकार्डातून मॉडेलच्याच मापाचा एक माणूस कापायचा आणि त्याला पायरी पायरीने वर न्यायचं. माझा माणूस जिन्याच्या मध्यावर गेला आणि त्याचं डोकं वरच्या स्लॅबला आपटलं. मी कूलरला दोष दिला. स्लॅब फुगून खाली आला असेल म्हणून तो काढला, नवा कापला, ऑफिसच्या गच्चीवर उन्हात वाळवून चिकटवला. माणूस पुन्हा आपटला. मग पायऱ्या मोजल्या, त्या बरोबर होत्या. शेवटी वरची खोली उचलून बाजूला ठेवली आणि माणूस सरळ चालत गच्चीवर गेला. माझ्याच खोलीची जमीन जिन्याच्या डोक्यावर येत होती. खोली सरकवायला प्लॉटवर जागा नव्हती, आणि लहान केली तर कोठीघर झालं असतं.

साहेबांनी एका मिनिटात निकाल लावला. “खोली काढून टाक. तसंही तू भिलाईला जाणार.” त्यात वाईट असं काही नव्हतं. ते जिन्याचा विचार करत होते आणि जिन्याच्या बाजूने बघितलं तर त्यांचंच बरोबर होतं.

ट्रेसिंग पेपरवरची शाई पुसली जात नाही, ब्लेडने खरवडावी लागते, कागद फाटू न देता, अगदी हलक्या हाताने. ते काम ऑफिसात माझ्याइतकं चांगलं कुणाला येत नव्हतं. मी माझ्या खोलीच्या भिंती खरवडल्या, मग दार, मग ती पूर्वेची खिडकी. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, पण कुणावर रागवावं ते कळत नव्हतं. जाणाऱ्या मुलीने माहेरच्या नकाशात आपली जागा मागायची नसते, एवढं मला न शिकवताही ठाऊक होतं. घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, “बरं झालं. तेवढाच सिमेंटचा खर्च वाचला.” बाबांना मी सांगितलंच नाही. साहेब सांगतील, म्हटलं.

चित्र तयार झाल्यावर बाबांना ऑफिसात बोलावलं. बाबांना नकाशा वाचता येत नसे, म्हणून त्यांचा सगळा भरवसा चित्रावर. इस्त्रीचा सदरा घालून, सायकलच्या क्लिपा पायजम्यालाच ठेवून ते आले. चित्र बघून खूश झाले, ओटा ओळखला, फाटक ओळखलं. मग त्यांची नजर वर गेली आणि तिथेच थांबली. गच्चीच्या कोपऱ्यावर साहेबांनी एक घनदाट गुलमोहर फुलवला होता.

“साहेब, हे झाड तिथी खरंच आहे का?”

“नाही, ते आपलं शोभेचं.”

“मंग झाडामागं काय आहे?”

“मोकळी गच्ची. उन्हाळ्यात झोपायला झकास.”

“पोरीची खोली होती तिथी,” बाबा म्हणाले. आवाज चढवून नव्हे, पार्सल हरवलेल्या माणसाशी बोलावं तसं.

साहेबांनी मॉडेल पुढे ओढलं आणि पोस्टकार्डाचा माणूस चालवून सगळं समजावून सांगितलं. बाबांनी मान हलवत ऐकून घेतलं. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. मी कोपऱ्यात उभी राहून टी-स्क्वेअरची पट्टी पुसत होते, जी आधीच लख्ख होती.

“तुमचं बरोबर आहे साहेब. पण खोली ठेवून जिना होतच नाई काय?”

“होतो. पण खडा करावा लागेल. पायऱ्या उंच आणि अरुंद. आज तुम्ही धावत चढाल हो. उद्या गुडघे दुखायला लागले की वर जाणं बंद. आणि मुलगी तर सासरी चालली.”

“जाईल ना. पण येईल तवा कोठी राहील? पाव्हण्यावानी समोरच्या खोलीत?” बाबांनी चित्र अलगद साहेबांकडे सरकवलं. “जिना खडा करा. अन् ते झाड काढून टाका.”

साहेबांनी झाड काढायला सगळं चित्र पुन्हा रंगवलं, हे त्यांचं मोठेपण. घरी आईने मात्र बाबांना फाडून खाल्लं. “म्हातारपणी काय पंख फुटणार आहेत तुमाले, वर जायले?” बाबा म्हणाले, “तवाचं तवा पाहू.” मी आत पोळ्या लाटत होते. त्या दिवशी मला झालेला आनंद लपवायला मी इतक्या पोळ्या लाटल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी फोडणीच्या पोळ्या खाल्ल्या.

घर बांधून झाल्यावर त्या खोलीत मी जेमतेम एक हिवाळा राहिले. सकाळी खिडकीतून ऊन सरळ अंथरुणावर यायचं आणि खालून आईच्या हाका यायच्या, त्यांना उत्तर न देता मी मुद्दाम पडून राहायचे. मग लग्न झालं.

भिलाईचं क्वार्टर चांगलं होतं. एकाच साच्यातल्या ओळीच्या ओळी, जिन्याबिन्याची भानगड नाही. नवरा समजूतदार, मुलं गुणी. तक्रार करावी असं काही नव्हतं, आणि तरी मला त्या खोलीची अशी ओढ लागायची की भाजी चिरता चिरता मी मनातल्या मनात तो जिना चढून जायचे. उन्हाळ्यात मुलांना घेऊन गेले की दुपारी खोलीची भट्टी व्हायची. संध्याकाळी बाबा बादल्या भरभरून वर आणायचे आणि फरशी पाण्याने थंड करायचे. मी नको म्हटलं की म्हणायचे, “तू बस वं. तुले काय समजते त्यातलं.”

आईचे गुडघे आधी गेले. बाबांचे नंतर, पण चांगलेच गेले. एका दिवाळीनंतर मी एकटीच माहेरी गेले तेव्हा दोघंही खालीच असायची. कामवाली वरची खोली झाडून जायची. मी वर गेले की बाबा जिन्याशी खुर्ची ओढून बसायचे आणि खालून विचारायचे, “पंखा लागते का वं?”, “खिडकी घट्ट झाली का?” स्वतःच बांधलेल्या खोलीची खबर ते परगावची विचारावी तशी विचारत होते. मला ते सहन होईना. माझी खोली ठेवायला जिना खडा केला आणि त्याचपायी ती त्यांना परकी झाली.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी अंथरूण काखेत मारून खाली आले. म्हटलं, आजपासून तुमच्याजवळच झोपते.

बाबा चिडले. “वर जा.”

“अहो बाबा, मी तुमच्याशी बोलायला आलेय.”

“दिवसभर बोललो ना.” मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “वर्षभर वर कोणाचा पाय वाजत नाई. तू वर चालली का खाली मले आयकू येते. घर भरल्यावानी वाटते.”

मी अंथरूण उचललं आणि एका हाताने भिंत धरत तो जिना चढले. खोलीत दोन पावलं टाकली आणि लक्षात आलं की अनवाणी पायांचा आवाजच होत नाहीये. पुन्हा खाली गेले, दाराबाहेरच्या चपला उचलल्या.

“घरात चपला?” आई म्हणाली.

बाबांनी तिला हातानेच गप्प केलं. मी वर गेले, चपला घातल्या आणि खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत, टाचा आपटत चालत राहिले, आई जेवायला हाक मारेपर्यंत.