अक्कांची परडी आणि माझा नैवेद्य

मंडळी, हात अजून आंब्याच्या चिकाने चिकट आहेत, पण आधी हे लिहिते.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं दर उन्हाळ्यात आठवडाभर कोल्हापूरजवळच्या आमच्या गावी येतो. सकाळी फिरणं, मग बागकाम. बागेत माझ्या आईने लावलेला मोगरा आहे. तिच्या फोटोला त्याचाच हार घालायचा, हा माझा हट्ट. यंदा मात्र रोज फिरून येईपर्यंत झाड ओरबाडलेलं!

आज आम्ही निघालो आणि कोपऱ्यावरूनच परत फिरलो. शेजारच्या अक्का आमच्या मोगऱ्याने परडी भरत होत्या.

"अक्का, आईच्या फोटोला चार तरी ठेवा!"

"देवालाच न्हेतोय की! देवाच्या फुलांची कसली आलीया चोरी?" म्हणत त्या ताठ मानेने निघून गेल्या.

"जाऊ दे गं," हे म्हणाले. मी जाऊ दिलं नाही.

अक्का पूजेला बसल्या, तशी मी त्यांच्या अंगणात शिरले. तिथला पायरी आंबा त्या झाडाखाली खाट टाकून राखतात. पाडाला आलेला सगळ्यात मोठा आंबा मी तोडला.

अक्का हातातल्या घंटीसकट धावत आल्या. "अवो वैनी, माझा आंबा!"

"देवालाच न्हेतोय की, अक्का. नैवेद्याला!"

आईच्या फोटोपुढे आता घमघमाट सुटलाय. तुमच्याकडेही आहेत का असे देवभक्त शेजारी?

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, एका गालावर कुणी मारलं तर दुसरा पुढे करावा. मला ते अंगणात आठवलं. मी दुसराही आंबा तोडला.