माघातली फुंक

दामू गेल्याची बातमी आली तेव्हा मी दुकानात गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होतो. बातमी ऐकली आणि घासाघीस पुरी केली. वाईट वाटलं नाही असं नाही... पण त्याच्या आधी जुनी चीड वर आली. दामू म्हणजे आमच्या जव्हारचा गायक, एका गाण्याने घरोघर पोचलेला. गेल्या काही आठवड्यांत त्याच्यावर जे गोड गोड छापून आलं, त्यात त्याच्या दुसऱ्या रेकॉर्डचंही कौतुक वाचलं. किळस आली.

संस्थान विलीन झालं, दरबारचा बँड मोडला आणि त्यात ढोल वाजवणारा दामू रिकामा झाला. मी तेव्हा डोक्यावर पेटी घेऊन पाड्यापाड्यांवर कंदिलाच्या काचा विकायचो. जामसरचा लखमा तारपा वाजवायचा. दुध्या भोपळ्याचं ते लांब वाद्य; लखमा फुंकायला लागला की सगळा पाडा त्याच्याभोवती फेर धरायचा. या दोघांची गाठ मीच घातली आणि माघात मीच त्यांना मुंबईला रेकॉर्ड कंपनीत नेलं. दामूचा गळा, लखमाची फुंक. ती रेकॉर्ड अशी चालली की लग्नाच्या मांडवात, हॉटेलात, तंबूतल्या सिनेमात, जिथे भोंगा तिथे दामू.

कंपनीला लगेच दुसरी हवी झाली, तीही आषाढात. आमच्याकडे पेरणी झाली की तारपा माळ्यावर जातो, तो नवं भात खाल्ल्याशिवाय खाली येत नाही. लखमा म्हणाला, "आता नाय फुंकायचा, शेठ. नवा भात खाल्ला का मंग चला, तुमी म्हणाल तिथं." मी मुंबईला गेलो. कंपनीचा साहेब म्हणे, चाल तीच ठेवा, शब्द बदला, लोकांना तेच पाहिजे. दुपारभर भांडून मी त्याच्याकडून दिवाळीपर्यंतची मुदत काढली आणि नवी चालही कबूल करून घेतली. तेवढ्यात दामू मला न सांगता एकटाच गेला आणि जुन्याच चालीवर गाऊन आला. माघात लखमाने जे जास्तीचं वाजवलं होतं ते कंपनीने जपून ठेवलं होतं. तेच नव्या गाण्याखाली घातलं.

श्रावणात ती रेकॉर्ड बाजारातल्या हॉटेलात वाजली. बाजाराला आलेली जामसरची माणसं हातातला चहा तसाच धरून उभी राहिली. पहिल्या रेकॉर्डबद्दल त्यांची तक्रार नव्हती, ती हिवाळ्यातली हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण हे गाणं नवं, म्हणजे फुंकही नवीच! "आपल्या लखमाचीच फुंक ही. पावसात वाजवला त्यानं!" त्या साली भातावर रोग पडला आणि खापर लखमावर फुटलं. पाड्यातल्या जाणत्यांनी त्याच्या हातातून तारपा काढून घेतला. मी जाऊन घसा फोडून सांगितलं, फुंक जुनी आहे म्हणून. एक म्हातारा म्हणाला, "तू दुकानदार. तू फुटकी काच बी चांगली म्हणून देशील. गाणाऱ्याला आण, तो सांगंल तर ऐकू."

म्हणून दामूकडे गेलो. तो ओट्यावर पान लावत बसला होता.

"चल जामसरला. दोन शब्द बोल आणि ये."

"बोललो तर बोभाटा होईल रे. नव्या रेकॉर्डमध्ये शिळं वाजवणं भरलं म्हणतील. माझं नाव जाईल."

"आणि लखमाचं?"

"लखमाला नाव कुठं आहे?"

मी त्याच्या ओट्यावर थुंकलो आणि उतरलो. इतका ओशाळवाणा हसला तो... ते हसू मला अजून सहन होत नाही. ज्या नावासाठी हे सगळं केलं, ते तरी वाढावं! दुसरी रेकॉर्ड पडली. लोकांनी एकदा ऐकली आणि पुन्हा पहिलीच लावायला सांगितली. लखमा मात्र मरेपर्यंत दिवाळीच्या नाचात फेराबाहेर उभा राहिला. त्याला तसं उभं पाहून मी वाट बदलून जायचो.

दामूच्या तेराव्याला वहिनींसाठी म्हणून गेलो. त्याच्या मुलाने पाहुण्यांना नेमकी तीच दुसरी रेकॉर्ड लावून ऐकवली. गळ्यात दामू स्वतःचीच नक्कल करत होता. खालून लखमा मात्र ताजा, भरदार. कोणीतरी विचारलं, "तारपा कोणाचा हो?" मुलगा म्हणाला, "असेल कंपनीचा कोणी माणूस." मी उठलो आणि पिन उचलली. म्हटलं, "जामसरच्या लखमाचा. माघात फुंकलेला. पावसात त्याने कधीच वाजवला नाही. नीट ऐका आणि चार ठिकाणी सांगा."

"काका, आता काय त्याचं?" मुलगा चिडून म्हणाला.

आतल्या दाराशी वहिनी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "यांना ठाऊक होतं, भाऊजी. दिवाळीत पाड्यावरून तारपा ऐकू आला की हे उठून पुढचं दार लावून घ्यायचे. दरवर्षी."

त्या सवयीने की काय, ते दार त्या दिवशीही आतून लावलेलं होतं. मी कडी काढली, दोन्ही फळ्या भिंतीला टेकेपर्यंत ढकलल्या आणि बाहेर पडलो.