साफी, दोन वर्षांची

पिनो सांतानाचा आवाज गावात सगळ्यांत मोठा. ग्रान कनारिया या स्पेनच्या बेटावर दक्षिणेकडच्या हॉटेलांच्या चादरी धुण्यात तिची उमर गेली. यंत्रांच्या घरघरीवर ओरडून बोलायची सवय लागली, ती काम सुटलं तरी सुटली नाही.

त्या रविवारी ती घरच्यांना घेऊन किनाऱ्यावर जेवायला आली होती. नवरा निकासियो, मुलगी फायना आणि फायनाची तान्ही इदाइरा. मिठात उकडलेले बटाटे नुकते ताटात पडले होते, तेवढ्यात आफ्रिकेकडून आलेली एक लांबलचक लाकडी होडी वाळूला येऊन टेकली. आतली माणसं उतरली आणि उतरल्या जागीच कोसळली. पायांत त्राणच नव्हतं.

पिनो पाण्याच्या बाटल्या घेऊन उठली.

"अगं थांब!" निकासियो म्हणाला. "आधी पोलिसांना कळवू. नसती भानगड नको."

"तू बस कळवत. मी चालले."

त्याने फोन केला आणि मग तोही मागोमाग गेला. तरुणपणी सेनेगलच्या किनाऱ्यावर मासेमारी केलेली, त्यामुळे तिथली भाषा मोडकीतोडकी येत होती. "हळू, घोटघोट प्या," तो प्रत्येकाला सांगत फिरला.

एक बाई मात्र पाणी घेईना. पिनोने तिला टॉवेलात गुंडाळून आपल्या छत्रीखाली आणलं. इदाइरा दिसताच त्या बाईने दोन्ही हात पुढे केले.

फायनाने लेकीला छातीशी घट्ट धरलं. "आई, नको गं. तिला काही आजार असला तर?"

निकासियो खाली बसून बाईशी बोलला. उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "हिची पोर वाटेत गेली. साफी नाव. दोन वर्षांची. समुद्रातच सोडावी लागली."

फायना सरकत पुढे आली आणि तिने इदाइराला त्या बाईच्या मांडीवर दिलं. बाईने बाळाच्या टाळूवर नाक टेकलं. रडली नाही. थोड्या वेळाने तिने बाळ स्वतःहून परत दिलं आणि मग पाणी प्यायली.

रुग्णवाहिका तिला घेऊन गेली. पिनो आठवडाभर चौकशी करत होती. त्या बाईला विमानाने स्पेनच्या मुख्य भूमीवर पाठवलं, एवढंच कळलं.

नोव्हेंबरात चर्चमध्ये मृतांसाठी प्रार्थना झाली. पाद्रीबाबांनी विचारलं, "आणखी कुणाचं नाव घ्यायचंय?"

पिनो उभी राहिली.

"अगं, ती मुसलमान होती," निकासियो कुजबुजला.

"असू दे. नाव होतं ना तिला?"

आणि तिने ते घेतलं, पण इतक्या हळू की पाद्रीबाबांना पुन्हा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा सांगितलं ते फायनाने.