सुमननं आणलेलं घड्याळ

हे मी आजवर कुणाकडे बोललेलो नाही. मुलाकडे नाही, मेहुण्याकडे नाही. सातवी शिकलेला माणूस मी, लिहायची सवय नाही — पण बोलायला गेलो की तोंडच उघडत नाही. म्हणून लिहितो.

मानपाड्याला एका कारखान्यात फिटर होतो. नाद एकच — जुनी मनगटी घड्याळं. आमच्या बिल्डिंगीत कुणी जुनं घड्याळ घ्यायला निघाला की आधी मला दाखवायचा. मी भिंग लावायचो, मागचं झाकण उघडायचो आणि सांगायचो — घे, नाहीतर सोड. माझा शब्द शेवटचा. माज होता मला त्याचा.

मी रिटायर झालो त्या दिवशी सुमननं, माझ्या बायकोनं, पाहुण्यांसमोर एक घड्याळ माझ्या हातात ठेवलं. चावीचं, स्विस, खूप जुनं. शहाडच्या एका म्हातारीकडून तिच्या नवऱ्याचं घेतलेलं, भिशीच्या पैशातून. मला न विचारता. आयुष्यात पहिल्यांदा.

मी झाकण उघडलं. आता बघा — दुरुस्त करणारा प्रत्येक कारागीर झाकणाच्या आत सुईनं आपली खूण कोरतो. जुन्या घड्याळात अशा चार-पाच तरी सापडतात. हे झाकण कोरं. तबकडी चकचकीत. मी हसलो. "इतकी वर्षं कुणी उघडलंच नाही? सुमे, गंडवलं गं तुला. रंगवून विकलंय."

"अहो, देताना त्या बाईनं दोनदा परत हातात घेतलं," ती म्हणाली. "खोटी वस्तू असं कोण देतं?"

"ताई, तू भांडी घे. घड्याळं दाजींवर सोड," मेहुणा बोलला. सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं.

एवढंच असतं तर चूक म्हणालो असतो. पण —

दोन वर्षांनी ते मोडीत काढायला कल्याणला एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलेलो. त्यानं तबकडी सोडवून पालथी केली. रंगवायला काढलेल्या तबकडीला घासल्याच्या खुणा राहतात. एकही नव्हती. "सगळं ओरिजनल," तो म्हणाला. "कुणीतरी न वापरता पेटीत जपलेलं. विकू नका."

न वापरलेलं घड्याळ कारागिराकडे जाईल कशाला? हे मला, भिंगवाल्याला, सुचलं नव्हतं.

घरी आलो. सुमन मेथी निवडत होती. सांगायला किती वेळ लागतो? मी घड्याळ कपाटात टाकलं आणि चहा मागितला.

त्यानंतर ती नऊ वर्षं जगली. स्वतःच्या मनानं साडीसुद्धा घेतली नाही. दुकानात माझ्याकडे बघायची — "तुम्हीच सांगा, मला कुठं कळतं?" आणि मला बरं वाटायचं. लिहिताना लाज वाटतेय, पण बरं वाटायचं.

शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाली, "ते घड्याळ खोटंच होतं ना हो?" काय ऐकायचंय तिला, ते मला कळलेलं. मी म्हणालो, "हो. झोप तू."

परवा सून कपाट आवरत होती. "बाबा, आईंना फसवून दिलेलं ते घड्याळ टाकू का?"

"राहू दे," मी म्हणालो. तिथंही तेवढंच.

घड्याळ अस्सल आहे. सुमननं ते झाकण न उघडता ओळखलं होतं.