कोचच्या मागची वायर

आर्लन ट्वेटना आमच्या गावात कुणी कधी डायरेक्टर म्हणालं नाही. कॉलेजच्या सगळ्या खेळांचा कारभार त्यांच्या हातात होता, दारावर तशी पितळी पाटी होती, तरी पोस्टमनपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळे त्यांना 'कोच'च म्हणत. मी, व्हर्ना, त्यांच्या ऑफिसातली सेक्रेटरी. सुरुवातीला एकदा मी 'डायरेक्टरसाहेब' अशी हाक मारली, तर ते मागे वळून बघायला लागले, कोण आलंय म्हणून. मग मीही नाद सोडला.

त्याआधी एकोणीस वर्षं ते आमच्या अमेरिकन फुटबॉल टीमचे कोच होते. गाईंचं दूध काढून सरावाला येणारी, मक्याच्या शेतातली धिप्पाड पोरं त्यांनी घडवली. पक्के ल्यूथरन पंथाचे ख्रिस्ती, तोंडात शिवी नाही. फार चिडले तर 'अरे देवाच्या माणसा!' एवढंच म्हणायचे, आणि तेवढ्यावर बैलासारखा पोरगा रडकुंडीला यायचा.

मग जुने डायरेक्टर स्टेन्सरूड निवृत्त झाले आणि ती खुर्ची कोचना मिळाली. गुडघे कुरकुरत होतेच. त्यांची बायको डोरीन म्हणाली, "घे आर्लन. थंडीत कुडकुडत उभं राहायचं वय राहिलंय का तुझं?" त्यांनी घेतली. मनात हिशोब सरळ होता: मैदान काही पळून जात नाही, शनिवारी सामन्याला खाली जाऊन उभं राहायला डायरेक्टरला कोण अडवणार?

अडवलं त्यांचं त्यांनीच. हे स्टेन्सरूड डायरेक्टर असताना दर शनिवारी मैदानाकडेच्या पांढऱ्या पट्टीवर कोचच्या पाठीशी उभे राहून कुजबुजत, "पास टाकायला सांग, आर्लन. आता पास." त्या कुजबुजीने कोचचा जीव नकोसा झाला होता. म्हणून डेल कोपेकीला नवा कोच नेमलं त्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर त्याला सांगितलं, "सामना चालू असताना मी वरच बसणार. खाली दिसलो तर हाकलून दे मला."

वर म्हणजे प्रेक्षकांच्या बाकांवरची काचेची खोली. मी तिथे खेळाचे आकडे टिपायला बसायची आणि कोच माझ्या शेजारी. काचेतून सगळं दिसतं, ऐकू काहीच येत नाही. हेल्मेटवर हेल्मेट आदळतं आणि आवाज नाही! कोचना ते सोसायचं नाही. ते खिडकी उघडायचे. बाहेर नोव्हेंबरचं वारं.

"कोच, खिडकी लावा! बोटं गळून पडतील माझी."

"एक मिनिट, व्हर्ना."

ते एक मिनिट सामना संपेपर्यंत संपायचं नाही. दर शनिवारी आमचं हे भांडण ठरलेलं. ते खिडकीतून अर्धे बाहेर वाकून बसायचे आणि ओठांतल्या ओठांत पुढची चाल पुटपुटायचे. ती ऐकायला कुणी नव्हतं. इतकं हवंहवंसं काही एखाद्या माणसाच्या डोळ्यांसमोर सात वर्षं ठेवू नये, असं मला वाटे.

आठव्या वर्षी सामन्याच्या आदल्या दिवशी डेलचं अपेंडिक्स फुटलं. मैदानावर उरला त्याचा मदतनीस रस्टी, सव्वीस वर्षांचा, चुन्यासारखा पांढरा पडलेला. कॉलेजचे अध्यक्ष स्वतः काचेच्या खोलीत आले. "कोच, आज तुम्हीच सांभाळा. गाव खूश होईल."

कोच गाडीकडे गेले आणि डिकीतून कोच असतानाचं जांभळं जाकीट काढून आले. सात वर्षं ते तिथेच पडून होतं!

त्या काळी कोचच्या कानावरच्या हेडफोनला लांबलचक काळी वायर असे. त्यावरून तो वर शेजारच्या खोलीत बसलेल्या दुसऱ्या मदतनिसाशी बोलत येरझारा घाली, आणि एक जण मागोमाग ती वायर गोळा करत, सोडत फिरे, नाहीतर कोच पायात अडकून तोंडावर पडायचा. हे काम जायबंदी खेळाडूच्या गळ्यात पडे.

पुढचं मला रस्टीने सांगितलं. त्याने हेडफोन पुढे केला. कोचनी तो कानाला लावला, क्षणभर डोळे मिटले आणि मग काढून रस्टीच्याच डोक्यावर बसवला.

"आज मी बोललो, तर डेल परत आल्यावरही पोरं माझ्याच तोंडाकडे बघतील," ते म्हणाले. "तू बोल."

आणि त्यांनी त्या जायबंदी पोराच्या हातातून वायर घेतली.

मी वरून दुर्बिणीतून बघत होते. कॉलेजचा डायरेक्टर सव्वीस वर्षांच्या पोराच्या मागे वायर सांभाळत धावत होता, दुखऱ्या गुडघ्यांनी. शेवटी आम्ही दोन गुणांनी मागे, एकच चाल उरलेली. रस्टी गर्रकन वळला. "कोच, काय करू?"

"रस्टी, मी वायर धरलीय."

रस्टीने पास टाकायला सांगितलं. आम्ही हरलो.

सोमवारी मी विचारलं, "तुम्हाला बरोबर चाल माहीत होती ना?"

"होती की."

"मग जीभ कुठे गेली होती?"

"चावून धरली होती," ते म्हणाले आणि हसले. तळहातावर वायरीचा वळ होता, तो ते अंगठ्याने चोळत बसले.

डेल बरा होऊन आला तेव्हा कोच त्याच्या दारात उभे राहिले. उगाच खोकले. "येत्या शनिवारी वायर कोण धरणारेय?"

डेल शहाणा निघाला. म्हणाला, "जागा रिकामी आहे, कोच."

चार मोसम त्यांनी वायर धरली. टाय लावून, वर जांभळं जाकीट घालून. पाहुण्या टीमचे लोक हसायचे. डोरीन म्हणायची, "याला पाळीव प्राणी सापडलाय, दोरीसकट." कोचना फरक पडत नव्हता. इतका सुखी माणूस मी आमच्या ऑफिसात पुन्हा पाहिला नाही.

मग बिनवायरचे हेडफोन आले. बाकीच्या कॉलेजांनी घेतले, डेललाही हवे होते, आणि त्याचं काही चुकीचं नव्हतं. खरेदीचा कागद मी टेबलावर ठेवला. सही डायरेक्टरची लागते.

"यांना वायर अजिबात नसते?"

"नसते, कोच."

त्यांनी सही केली. डेल दारातच घुटमळत होता. म्हणाला, "तुम्ही तसेच या की खाली. नुसते उभे राहा."

"रिकाम्या हातांनी?" कोच म्हणाले. "मग तोंड गप्प बसेल होय माझं?"

त्या शनिवारी ते जिने चढून वर आले, माझ्या शेजारी बसले आणि खिडकी उघडली. वारं सुईसारखं टोचत होतं. मी दुसरा स्वेटर चढवला आणि आकडे टिपायला लागले. 'खिडकी लावा' असं मी या वेळी म्हणाले नाही.